पुसला न जाणारा पांढरा चट्टा

(व्याख्यानमालेतलं एक पुष्प. बोलण्याच्या ओघात झालेलं पाल्हाळ छापताना थोडं छाटलं आहे, सगळं नाही.)



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झालं, सहकार झाला, गेल्या वर्षी पाणी झालं. यंदा संयोजकांनी एका दंतवैद्याला बोलावलं. माझ्या आधीचे वक्ते तोंडानं बोलले, मी तोंडाविषयी बोलणार आहे, एवढाच फरक समजा.

विषय सरांनीच, माझ्या संस्कृतच्या मास्तरांनीच, दिलेला आहे, फक्त चाळीसेक वर्षांपूर्वी. मी तेव्हा मुंबईला दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षात होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो होतो. सर ओटीवर बसले होते. संस्कृतच्या तासाला शिस्तीचे कडक, पण चंचीला काही सुट्टी नव्हती. चिमूटभर तंबाखू डाव्या तळहातावर, त्यावर चुन्याचं बोट, अंगठ्यानं मळणं, दोन थापा, फुंकर, आणि खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला बार. मी म्हटलं, ‘सर, जरा तोंड दाखवा.’ विद्यार्थ्यानं मास्तरांना ‘आ करा’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ. सायकलीच्या दिव्यासाठी आणलेली विजेरी घेतली, ओठ खाली ओढला. हिरडी आणि ओठ यांच्यामधल्या खोबणीत, बरोबर बार बसायचा तिथं, राखाडी पांढरी, सुरकुतलेली जागा. ओहोटीनंतर वाळलेल्या वाळूसारखी.

‘काय आहे?’ सरांनी विचारलं. मी छाती फुगवून म्हणालो, ‘ल्यूकोप्लाकिया.’

‘अर्थ?’

‘ग्रीक शब्द आहे, सर. ल्यूकोस म्हणजे पांढरा, प्लाक्स म्हणजे सपाट चकती. पांढरा चट्टा.’

सर म्हणाले, ‘पांढरं काय आहे, असं मी तुला मराठीत विचारलं. तू ग्रीकमध्ये सांगितलंस की पांढरं आहे. याला उत्तर म्हणत नाहीत.’

पुढं मी तोंडाचे रोग शिकलो, शिकवले, हजारो तोंडं पाहिली. त्या वाक्याच्या पलीकडं फार गेलो असं वाटत नाही. आजही कुणी पालक मुलाला घेऊन येतात आणि चिठ्ठीवर कुणीतरी एक लांब नाव लिहिलेलं असतं. ते नाव बहुतेक वेळा भाषांतर असतं, निदान नसतं.

आधी पांढरं का दिसतं ते पाहू. तोंडाचं आतलं अस्तर गुलाबी दिसतं, कारण वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खालचं रक्त त्यातून दिसतं. आता पावसाळा आठवा. दिवसभर पाय ओल्या चपलेत राहिला की संध्याकाळी टाच पांढरीफटक, फुगलेली दिसते. पोटरी मात्र तशी होत नाही. जाड कातडीत पाणी मुरलं की ती पांढरी होते. तोंडात लाळेचा पावसाळा बारमाही. गालाच्या अस्तराला सारखं काही घासलं, भाजलं किंवा झोंबलं की ते स्वतःला जपायला घट्टा धरतं, कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला पडतो तसाच. तळहाताचा घट्टा कोरडा म्हणून पिवळट दिसतो, तोंडातला सतत भिजत असल्यानं पांढरा दिसतो. ही झाली एक तऱ्हा. दुसरी म्हणजे अस्तर ठीक असतं, पण त्याच्यावर काहीतरी बसलेलं असतं. तिसरी म्हणजे वरचा पापुद्रा नेहमीचाच, पण खालची जागा कडक, तंतुमय होऊन तिथलं रक्त आटलेलं असतं. या तिन्हींचा रंग एकच आणि वाटा अगदी वेगळ्या.

म्हणून आमचं काम गुप्तहेरापेक्षा तलाठ्याच्या पंचनाम्यासारखं चालतं. हत्यारं फार नाहीत: दिवा, दोन छोटे आरसे, हातमोजे आणि गॉजचे तुकडे. आरसा गालाला लावताच चिकटला तर लाळ कमी आहे हे तिथंच कळतं. मग ओठ, गाल, हिरड्या, टाळू. जीभ बाहेर काढायला लावून गॉजमध्ये धरायची आणि दोन्ही बाजूंना वळवून कडा मागपर्यंत पाहायच्या. जीभ उचलायला लावून खालची तळजागा पाहायची. या दोन जागा रुग्ण आरशात कधी पाहत नाही आणि घाईतला डॉक्टरही सोडून देतो. शेवटी बोट. डोळ्याला नुसता पांढरा दिसणारा चट्टा बोटाला मऊ लागतो की पुठ्ठ्यासारखा कडक, यावर पुढचं बरंच ठरतं.

आणि प्रश्न. नवे डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ उत्तर येतं, ‘नाही.’ मी विचारतो, ‘कुठं धरता?’ बोट आपोआप गालाकडं जातं. बायकांच्या बाबतीत तर प्रश्नच चुकीचा असतो. आपल्याकडं तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, तिची पूड, म्हणजे मशेरी, सकाळी दातांना लावतात. मग दुपारी भांडी झाल्यावर, मग रात्री. त्या बाई शपथेवर सांगतात, ‘मी तंबाखू खात नाही हो, दाताला लावते नुसती.’ त्या खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी ते दंतमंजन आहे. मी त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पाहतो.

आता गॉज घ्यायचा आणि चट्टा हलकेच पुसायचा. पुसून निघाला, खाली लालसर जागा दिसली, तर बहुधा बुरशी. कॅन्डिडा नावाची ही बुरशी आपल्यापैकी कितीतरी जणांच्या तोंडात बिनभाड्यानं राहते आणि काही बिघडवत नाही. घरमालक अशक्त झाला की ती हातपाय पसरते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर, गालात दह्याच्या कवड्यांसारखी दिसते. इथं आजीबाई ‘दूध साकळलंय’ म्हणतात आणि टाकणखाराची लाही मधातून चोळतात. आजींचा पूर्ण आदर राखून सांगतो, हे करू नका. टाकणखार बाळाच्या पोटात गेला तर विषारी ठरतो आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो. दूध असेल तर ते खाली लाली न ठेवता पुसलं जातं, बुरशी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी जाते. अंगावर पाजणाऱ्या आईचेही औषधोपचार सोबत करावे लागतात, नाहीतर बुरशी दोघांमध्ये फिरत राहते.

मोठ्या माणसाच्या तोंडात बुरशी दिसली तर नुसतं बुरशीचं औषध देऊन मोकळं होणं हा माझ्या मते अर्धवट उपचार आहे. ती का वाढली? दम्याचा पंप ओढून चूळ न भरणं, रात्री कवळी तोंडातच ठेवून झोपणं, नुकताच घेतलेला प्रतिजैविकांचा मोठा कोर्स, कोरडं तोंड, रक्तातली साखर. कवळीची तक्रार घेऊन आलेल्या एका काकूंना मी आधी साखर तपासायला पाठवलं. ‘दातांना साखरेचं काय?’ म्हणून त्या रागावल्या होत्या. संध्याकाळी मुलगा रिपोर्ट घेऊन आला, साखर तीनशेच्या वर. त्यांचा मधुमेह टाळूवर उमटला होता. आणि कारण काहीच सापडलं नाही तर एचआयव्हीची तपासणी सुचवावी लागते, न लाजता. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेबोरा ग्रीनस्पॅन आणि सहकाऱ्यांनी जिभेच्या कडेवर उभ्या, केसाळ वाटणाऱ्या पांढऱ्या रेघा वर्णन केल्या. त्या पुसल्या जात नाहीत. एड्सची साथ नुकती सुरू झाली होती, रक्ताची तपासणी अजून सर्वत्र नव्हती, तेव्हा कित्येकांचं निदान जिभेच्या कडेनं सांगितलं.

पुसून निघाला नाही, तर गाल ताणून पाहायचा. गालाचं अस्तर दुधट, धुरकट दिसतंय आणि ताणल्यावर तो धुरकटपणा नाहीसा होतोय, तर ती आपल्याकडं नेहमी दिसणारी निरुपद्रवी ठेवण आहे, रोग नाही. दात मिटतात त्या रेषेवर गालात आडवी पांढरी रेघ असते, तीही जवळपास सगळ्यांना. ओठाच्या आत किंवा गालात रव्याच्या कण्यांसारखे पिवळट ठिपके असतात, त्या नुसत्या तेलग्रंथी. न्यूयॉर्कचे जॉन ॲडिसन फोर्डाइस यांनी त्या १८९६ मध्ये वर्णन केल्या आणि तेव्हापासून त्यांचं नाव लागलेल्या या कण्यांनी किती तरुणांची झोप उडवली असेल कोण जाणे. गंमत म्हणजे त्याच साली, त्याच शहरात हेन्री कॉप्लिक यांनी लहान मुलांच्या गालात, दाढांच्या समोर, मिठाच्या बारीक खड्यांसारखे पांढरे ठिपके पाहिले. ते गोवराचे असतात, आणि अंगावर पुरळ यायच्या आधी एकदोन दिवस दिसतात. एक ठिपका आयुष्यभर राहतो आणि काहीच करत नाही, दुसरा दोन दिवसांत जातो आणि मागून आजार येतो. नुसत्या रंगावर विसंबू नका म्हणतो ते यासाठी.

काही चट्टे आपण स्वतः करून घेतो. दाढ दुखते म्हणून ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाढेशेजारी गालात धरून झोपायचं, हा घरगुती उपाय मी अजून पाहतो. गोळी पोटात गेली तर काम करते. गालात ठेवली तर आम्ल आहे, अस्तर पांढरंफटक जळतं आणि सालपट निघतं. चुना जास्त झाला की तसंच. तुटक्या दाढेची धार एकाच जागी घासली तर तिथं घट्टा पडतो. यांचा इलाज सोपा: गोळी थांबवा, धार घासून गुळगुळीत करा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. तोंडाचं अस्तर फार लवकर नवं होतं. कारण गेल्यावर पंधरा दिवसांत, फार तर तीन आठवड्यांत जखम किंवा घट्टा जायच्या मार्गाला लागला पाहिजे. नाही लागला तर कारण चुकलं.

इथं एक तक्रार करून घेतो. आपल्याकडं तोंडात काहीही झालं की त्याला ‘तोंड आलंय’ म्हणतात, आणि तोंड आलं की दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल येतात. कॅप्सूलचा दोष नाही. पण पंधरा दिवस, मग महिना, मग ‘जरा बरं वाटतंय’ म्हणून आणखी एक पाकीट, यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

लायकेन प्लॅनस थोडक्यात सांगतो. दोन्ही गालांत, सारखंच, क्रोशाच्या विणकामासारखी बारीक पांढरी जाळी. बहुतेकदा चाळिशी ओलांडलेल्या बाया. तक्रार एकच, ‘तिखट सोसत नाही.’ ठेच्यावर वाढलेल्या बाईला ठेचा बंद करावा लागणं ही लहान गोष्ट नाही. इरॅस्मस विल्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८६९ मध्ये हा रोग वर्णन केला. ही शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींनी अस्तरावर केलेली चढाई. संसर्ग नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, ताटवाटी वेगळी ठेवायची गरज नाही. नुसती जाळी असेल आणि त्रास नसेल तर फक्त लक्ष ठेवतो. सोलवटलेली लाल जागा असेल तर स्टेरॉइडचं मलम तिथल्या तिथं लावायला देतो. रोग कमीजास्त होत वर्षानुवर्षं राहतो, मुळापासून जात नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. नाहीतर रुग्ण डॉक्टर बदलत राहतो. जाळी एकाच बाजूला, मोठ्या चांदीच्या भरावाला लागून असेल तर भराव बदलून पाहावा. रक्तदाबाची किंवा इतर काही औषधंही अशीच जाळी आणतात, म्हणून औषधांची पिशवी घेऊन यायला सांगतो. यातही कॅन्सर होण्याचं प्रमाण आहे, शंभरात साधारण एक, म्हणून वर्षातून एकदोनदा दाखवायचं.

आता जे पुसलं गेलं नाही, ताणून गेलं नाही, ज्याला जाळी नाही, धारेची दाढ नाही, पंधरा दिवस थांबूनही जे तसंच आहे, ते उरतं. या उरलेल्याला ल्यूकोप्लाकिया म्हणायचं. बुडापेस्टचे त्वचारोगतज्ज्ञ एर्नो श्विमर यांनी १८७७ मध्ये हे नाव वापरात आणलं आणि पुढची शंभर वर्षं ज्यानं त्यानं ते हवं तिथं चिकटवलं. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी व्याख्या घातली. तिचा आशय असा की, जो पांढरा चट्टा डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाखाली दुसरा कोणताही रोग म्हणून ओळखता येत नाही, तो. म्हणजे हे नाव वजाबाकीनं मिळतं. सरांना हे मी पुढं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग तू त्या दिवशी बेरीजवजाबाकी न करता उत्तर लिहिलं होतंस.’ खरं होतं.

वजाबाकी झाली की तुकडा. बायोप्सी. या शब्दाशी आपल्या समाजाचं भांडण आहे. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य मी प्रत्येक तालुक्यात ऐकलं आहे, सुशिक्षितांकडूनही. तुकडा काढल्यानं पसरत नाही. असं वाटतं त्याचं कारण साधं आहे. लोक तुकडा काढायला येतात तेच मुळी उशिरा, तेव्हा रोग आधीच पसरलेला असतो आणि दोष सुरीवर येतो. प्रत्यक्षात जागा बधिर करून तांदळाच्या चारपाच दाण्यांएवढा तुकडा घेतात, एखाददुसरा टाका घालतात, दहा मिनिटं लागतात. कुठून घ्यायचा हे महत्त्वाचं. चट्ट्यात जिथं लाली मिसळली आहे, जिथं खरखरीत किंवा कडक लागतं, तिथून. सोयीच्या, पुढच्या, गुळगुळीत जागेतून घेतला तर रिपोर्ट छान येतो आणि रोग तसाच राहतो. अहवालात ‘डिसप्लेजिया’ हा शब्द शोधतो. पेशींची शिस्त किती बिघडली आहे त्याचं ते माप: सौम्य, मध्यम, तीव्र.

घाबरवायला मी आलेलो नाही. वॉल्ड्रन आणि शेफर या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये ३,२५६ ल्यूकोप्लाकियांचे तुकडे तपासले तेव्हा सुमारे ८० टक्क्यांत असा बिघाड नव्हता. बहुसंख्य पांढरे चट्टे कधीच कॅन्सर होत नाहीत. पण त्याच दोघांनी त्याच वर्षी ६५ लाल मखमली चट्ट्यांचाही हिशोब मांडला, आणि त्यांत दहापैकी नऊ ठिकाणी तीव्र बिघाड किंवा प्रत्यक्ष कॅन्सर निघाला. लोक पांढऱ्याला भितात आणि लाल दिसलं की ‘उष्णता’ म्हणून सब्जा पितात. खरं तर भ्यायचं ते लालला, आणि पांढऱ्यात मिसळलेल्या लालला. तिथं पंधरा दिवसांची सवलतही मी देत नाही. दुसरी उलटी वाटणारी गोष्ट: ज्याला कसलंच व्यसन नाही त्याच्या तोंडातला चट्टा जास्त जपून पाहावा लागतो. तंबाखूवाल्याच्या घट्ट्याला कारण आहे, कारण काढलं तर तो जाऊ शकतो. निर्व्यसनी बाईच्या जिभेच्या कडेवर आपणहून उगवलेल्या चट्ट्याला काढण्यासारखं कारणच नसतं.

उपचाराबद्दल प्रामाणिक राहू. तीव्र बिघाड असेल तर चट्टा काढतात, सुरीनं किंवा लेझरनं. मध्यम असेल तरी बहुधा काढतात. काढल्यावर तो पुन्हा येऊ शकतो, तिथं किंवा शेजारी. अ जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन देऊन चट्टा फिका होतो असं काही अभ्यासांत दिसलं, पण त्यानं कॅन्सर टळतो याचा पुरावा नाही. मोठ्या बाटल्यांवर लाल टोमॅटो छापलेली औषधं विकणाऱ्यांनी रागावू नये. खात्रीनं करण्यासारखं ते इतकंच: कारण बंद करणं आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तेच तोंड, शक्यतो त्याच डोळ्यांनी, जुन्या फोटोशी ताडून पाहणं. हे कंटाळवाणं असल्यानं होत नाही. साखर कारखान्यातले एक कामगार माझ्याकडं आले होते, गालात लाल ठिपके असलेला पांढरा चट्टा. तुकडा काढू म्हटलं तर ‘गळीत संपल्यावर येतो’ म्हणाले. गळीत संपलं, दुसरं सुरू झालं. चौदा महिन्यांनी आले तेव्हा मानेत गाठ होती.

या विद्येला आपल्या जिल्ह्याचं एक देणं आहे आणि ते आपल्याकडं फार जणांना माहीत नसतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातले डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे प्राध्यापक येन्स पिंडबोर्ग यांनी १९६० च्या दशकात भारतातल्या खेड्यांत घरोघर जाऊन तोंडं पाहायला सुरुवात केली. त्यातलं एक मोठं काम पुणे जिल्ह्यातलं. १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं पाहून १९७२ मध्ये त्यांनी अहवाल छापला. यंत्र नाही, संगणक नाही. दारात माणूस, हातात आरसा. कुठली सवय, कुठं चट्टा, हे त्यांनी जुळवलं. आंध्रातल्या श्रीकाकुळममध्ये बाया चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात ठेवून ओढतात, तिथले चट्टे आणि कॅन्सर टाळूवर निघाले. गोव्यात फणसाच्या पानात तंबाखू वळून धुमटी करायचे आणि काही बाया तीही उलटी, विस्तव आत ठेवून ओढायच्या. सत्तरच्या दशकात हाच गट तिथंही गेला. नेहमीच्या विडीवाल्याचा टाळू राखाडी होतो, त्यावर लाल ठिपके उठतात, आणि विडी सोडली की तो बहुधा पूर्ववत होतो. विस्तव आत ठेवणाऱ्याचा टाळू अशी माफी देत नाही.

त्या पुणे जिल्ह्याच्या पाहणीत एक आकडा आहे, जो मी विद्यार्थ्यांना दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवायचो: ०.०३ टक्के. दहा हजारांत तीन. हा ‘सबम्युकस फायब्रोसिस’चा आकडा. तोंडाची तिसरी पांढरी तऱ्हा ती हीच. गाल, टाळू संगमरवरासारखे फिके पडतात, आत दोरखंडासारखे पट्टे लागतात, तिखट सोडा, कोमट वरणही झोंबतं, आणि तोंड उघडणं महिन्यामहिन्याला कमी होतं. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये हे वर्णन केलं. पुढच्याच वर्षी मुंबईचे कानानाकघशाचे शल्यविशारद डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला आज चालणारं नाव दिलं. कारण सुपारी. तंबाखू नव्हे, सुपारी. तिच्यातल्या अल्कलॉइडांमुळं तंतू वाढतात आणि वाढलेले तंतू मोडत नाहीत. ‘मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सुपारीलाही, तंबाखूशिवायच्या सुपारीला, कॅन्सरकारक ठरवलं. लग्नाच्या पंगतीनंतर तबक फिरतं तेव्हा हे कुणी सांगत नाही. मीही सांगत नाही, घरचे ओरडतात.

दहा हजारांत तीन असलेला हा रोग आता कॉलेजातल्या पोरांत दिसतो. मधल्या काळात पुडी आली. वाळलेली सुपारी, कात, चुना, सुगंध, तंबाखू, चकचकीत पाकिटात, शाळेच्या कुंपणाशी. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात नव्वदच्या दशकात पाहणी झाली तेव्हा व्यसन असलेल्या ५,०१८ पुरुषांत १६४ जणांना हा रोग निघाला, आणि त्यांतले बहुतेक पस्तिशीच्या आतले होते. आपल्या महाराष्ट्र सरकारनं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतर तंबाखूची एक पुडी आणि सुपारीची दुसरी पुडी शेजारीशेजारी लटकू लागली. विदर्भात खर्ऱ्याला तर पुडीही लागत नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून समोर देतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडीसिगारेट ओढणारे ३.८ टक्के होते आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपला धूर दिसत नाही, म्हणून आपल्याला आग वाटत नाही.

या रोगाला माघार नाही. सुपारी सुटली तर तो जागच्या जागी थांबतो, इंजेक्शनं आणि तोंड ताणण्याच्या व्यायामानं एखादं बोट जास्त आत जातं. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांमध्ये एकावर एक रचून आम्ही व्यायाम करून घेतो, दर आठवड्याला एक काडी वाढली की पोराला कौतुकानं सांगतो. एकोणीस वर्षांचा मुलगा आईच्या समोर काड्या मोजत बसलेला असतो. पाहवत नाही.

हे सगळं खेड्यात जमेल का, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ते जमलं. डॉ. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून पंचायतींचे १३ गट घेतले. पदवीधर, पण डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना तोंड पाहायला शिकवलं, त्यांनी घरोघर जाऊन विजेरीनं पाहिलं, संशय आला तर पाठवलं. २००५ मध्ये निष्कर्ष छापला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या आशाताईंच्या पिशवीत विजेरी घालायला किती खर्च येईल?

सरांचं सांगायचं राहिलं. त्या दिवाळीत मी त्यांना म्हटलं, ‘पंधरा दिवस चंची माझ्याकडं द्या. चट्टा तसाच राहिला तर तुकडा काढू, गेला तर चंची परत.’ सर म्हणाले, ‘गेला तर परत देऊन काय उपयोग?’ आणि चंची दिली. पंधरा दिवसांनी सुरकुत्या उतरल्या होत्या, दीड महिन्यानं जागा गुलाबी होती. प्रत्येकाचं असं होत नाही. सर गेले ते सत्त्याऐंशीव्या वर्षी, हृदयविकारानं. चंची अजून माझ्या कपाटात आहे.

बाहेर पडवीत संयोजकांनी दोन खुर्च्या आणि एक मोठा दिवा मांडला आहे. माझे दोन विद्यार्थी आणि मी रात्री दहापर्यंत बसणार आहोत. ज्यांना तोंड दाखवायचं असेल त्यांनी थांबावं, पैसे नाहीत. तोंडातलं बाहेर टाकून चूळ भरून या, कवळी असेल तर काढून हातात घ्या. दातांच्या मधून स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील तर रांगेत आधी या. सोडायची इच्छा आहे पण जमत नाही, त्यांच्यासाठी सरकारचा मोफत दूरध्वनी दारावर मोठ्या अक्षरांत लावला आहे: १८००-११-२३५६. आणि घरी मशेरी लावणारी आई किंवा आजी असेल तर तिला उद्या घेऊन या. उद्याही आहोत.